'समूळ बरे करतो' असे वैद्याने कधी म्हणावे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पुरवणीत जुनाट आजारांवरील आयुर्वेदीय उपचारांविषयी वरचेवर लेख येतात आणि बहुधा त्याच लेखांच्या खाली मधुमेह, संधिवात, सोरायसिस यांपासून ठरावीक दिवसांत 'कायमची मुक्ती' देणाऱ्या जाहिरातीही असतात. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अनेक वर्षे आयुर्वेदीय चिकित्सा करणारा वैद्य म्हणून मला या दोहोंविषयी लिहावेसे वाटते. या जाहिरातींचे कात्रण किंवा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवणारे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न 'किती दिवसांत बरे वाटेल?' हा असतो. त्याचे उत्तर देण्याआधी वैद्याला स्वतःशी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. त्या प्रश्नाचा उल्लेख लेखांतही क्वचितच आढळतो. जाहिरातींत तो असण्याचे कारणच नाही.

हा आजार या माणसाच्या बाबतीत साध्य आहे का, हा तो प्रश्न. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात याचाच विचार आहे. तेथे साध्य रोगांचे सुखसाध्य आणि कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरे होणारे) असे दोन भेद केले आहेत, आणि असाध्य रोगांचे याप्य आणि प्रत्याख्येय (उपचार नाकारावेत असे) असे दोन. याप्य म्हणजे पूर्ण न जाणारा, पण पथ्य आणि औषध चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारा आणि रुग्णाला बऱ्यापैकी सुखाने जगू देणारा आजार. सुश्रुताने त्यासाठी पडू घातलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टान्त दिला आहे: टेकू आहे तोवर घर उभे राहते, काढला की कोसळते. आज ज्यांना आपण जुनाट आजार म्हणतो, त्यांतील बरेचसे याच वर्गात येतात. याप्य हा असाध्याचा पोटभेद असूनही वैद्याने हात टेकायचे नसतात, उलट आयुष्यभराची जबाबदारी घ्यायची असते. असाध्य रोग 'बरा करतो' म्हणून हाती घेणाऱ्या वैद्याचे धन, विद्या आणि कीर्ती तिन्ही जातात व वर निंदा पदरी पडते, असा इशाराही त्याच अध्यायात आहे. आजच्या जाहिरातदारांच्या बाबतीत यातील धनाचा भाग तेवढा खरा ठरलेला दिसत नाही.

सर्वाधिक जाहिराती मधुमेहाच्या असतात, म्हणून त्याचेच पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, तेव्हा या बाजारपेठेचा मोह कोणालाही पडावा. पण ज्या ग्रंथांच्या नावावर ही विक्री चालते, ते काय सांगतात? प्रमेहाच्या, म्हणजे लघवीच्या विकारांच्या ज्या गटात मधुमेह मोडतो त्याच्या, वीस प्रकारांपैकी कफाचे दहा साध्य, पित्ताचे सहा याप्य आणि वाताचे चार असाध्य, आणि मधुमेहाची गणना या शेवटच्या चारांत. प्रमेही आईबापांकडून जन्मतः आलेला प्रमेह बीजदोषामुळे साध्य होत नाही, असेही चरकाने चिकित्सास्थानात नोंदवले आहे. म्हणजे 'मधुमेह मुळापासून नाहीसा' ही घोषणा आधुनिक वैद्यकाच्या विरुद्ध आहेच, शिवाय ती आयुर्वेदाच्याही विरुद्ध आहे.

ग्रंथातील प्रमेह आणि आजचा टाइप २ मधुमेह तंतोतंत एक नव्हेत, हे मला मान्य आहे. वजन वाढलेला, नुकताच तपासणीत सापडलेला रुग्ण साध्य अवस्थेच्या जवळ असतो. आहार बदलून, व्यायाम करून आणि वजन उतरवून त्याची साखर औषधाशिवाय मर्यादेत राहू शकते, आणि आधुनिक वैद्यकही हे मान्य करते. तथापि पंधरा वर्षांचा मधुमेह अंगी असलेल्या, पायांना मुंग्या येणाऱ्या, लघवीतून प्रथिने जाऊ लागलेल्या माणसाला तेच आश्वासन देणे ही फसवणूक होय. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचे इन्शुलिन बंद करायला सांगणे तर जीवघेणे आहे; काही दिवसांतच ते मूल अत्यवस्थ होऊ शकते. असा सल्ला देणाऱ्याच्या भिंतीवर कोणत्या पदवीचे प्रमाणपत्र टांगले आहे, याला मग काही अर्थ उरत नाही.

याउलट याच प्रकरणातील जो भाग आज अक्षरशः लागू पडतो, त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. प्रमेहाची कारणे सांगताना चरक आरंभीच बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांची नावे घेतो. मग दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ येतात. सुश्रुताने निर्धन प्रमेही माणसाला पायांत वहाणा न घालता, छत्री न घेता, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालत जायला सांगितले आहे. विहीर खणण्यासारखी अंगमेहनतही त्याच उपचारांत येते. धनवानाच्या वाट्याला मात्र सावा आणि देवभात येतात. विनोदाचा भाग सोडला, तरी रोग्याची ऐपत पाहून उपचार बदलणारी ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. चरकाने प्रमेही रुग्णांचे धष्टपुष्ट आणि बलवान, तसेच कृश आणि दुर्बळ असे दोन वर्ग केले. पहिल्याला शोधन आणि दुसऱ्याला बृंहण, म्हणजे एकाचे काढून घ्यायचे आणि दुसऱ्याला भरून द्यायचे. दोघांच्या हाती एकच 'मधुमेहनाशक' डबा ठेवणाऱ्याला हा भेद कसा साधणार?

वैद्य जुनाट आजाराकडे कसा पाहतो, हे वाचकांना कळायचे असेल, तर आमवाताचे उदाहरण अधिक उपयोगी पडेल. माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात याचे स्वतंत्र आणि सविस्तर वर्णन आहे, आणि आज ज्याला आपण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो, त्याच्याशी ते पुष्कळसे जुळते. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली, मुठी वळत नाहीत, अंग जड, तोंडाला चव नाही, जिभेवर पांढरा थर, अशी चाळिशीची गृहिणी समोर येऊन बसते. नाडी पाहून सगळे ओळखतील, अशी तिची अपेक्षा असते. नाडी पाहावीच, परंतु जिव्हा, मल, मूत्र, स्पर्श यांसह आठ परीक्षा सांगितल्या आहेत त्या काही पानाच्या शोभेसाठी नव्हेत, आणि रुग्ण स्वतः जे सांगतो त्याला पर्याय नाही. रुग्णाच्या चार गुणांत आपली लक्षणे नीट सांगता येणे हाही एक गुण मानला आहे. आखडलेपण किती वेळ टिकते, भूक केव्हा लागते, कोठा जड आहे का, रात्रीचे जेवण किती वाजता होते, जेवून लगेच आडवे होण्याची सवय आहे का, पाण्यात किती वेळ काम करावे लागते, दही, उडीद, मासे किती होतात, हे सर्व विचारण्यात पहिला अर्धा-पाऊण तास जातो. एवढा वेळ न देता लिहून दिलेला काढा हा, माझ्या मते, आयुर्वेदाच्या नावाने दिलेले दुसरे एक औषध एवढाच ठरतो.

अशा रुग्णाच्या घरी बहुधा आधीच तेल चोळणे सुरू झालेले असते. गुडघे दुखले की तेल लावायचे, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत; झिजेच्या संधिवातात ती बरोबरही आहे. पण सांधे सुजलेले, गरम आणि जड असताना, म्हणजे आम (नीट न पचलेल्या अन्नाचा दोष) असताना, तेल चोळल्याने दुखणे वाढते. तेथे वाळूच्या गरम पोटळीचा कोरडा शेक, हलके अन्न किंवा लंघन, सुंठ, आणि एरंडेल यांचा क्रम सांगितला आहे. जव आणि कुळीथ पथ्याचे, तर दही, मासे, गूळ, दूध आणि उडीद अपथ्याचे. एकाच 'सांधेदुखी'त तेल कोणाला लावायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणे हे वैद्याचे खरे काम आहे. नेमके हेच काम तयार तेलाच्या बाटलीवरील चित्राने वाचकाच्या मनातून पुसून टाकले आहे.

याच रुग्णाच्या बाबतीत मला माझ्या व्यवसायबंधूंशीही थोडे भांडायचे आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सांध्यांची कायमची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते. तेव्हा रक्ताच्या तपासण्या करून घेणे, संधिवाततज्ज्ञाचे मत घेणे आणि त्यांनी मेथोट्रेक्सेट हे या रोगावरचे आधुनिक औषध चालू केले असेल, तर ते परस्पर बंद न करणे, हे वैद्याचे कर्तव्य आहे. 'आधी सगळी इंग्रजी औषधे बंद करा, मग माझ्याकडे या' ही भाषा अनेक दवाखान्यांत अभिमानाने वापरली जाते. तिला शास्त्राचा कोणताही आधार नाही. अंगवळणी पडलेली अहितकर सवयसुद्धा एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडावी, असे चरकाने सांगितले आहे. मग वर्षानुवर्षे घेतलेले स्टेरॉइड एका दिवसात तोडायला लावणे कोणत्या अध्यायात बसते? शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे विसरलेले असताना ते अचानक थांबवले, तर जिवावर बेतू शकते. दुसऱ्या बाजूने, 'पथ्यबिथ्य काही नाही, सगळे खा' असे सांगून दोन मिनिटांत पुढच्या रुग्णाला बोलावणारे डॉक्टरही या गोंधळाला हातभार लावतात, हे नमूद केले पाहिजे. आपण काय खावे या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणी देत नाही, म्हणून रुग्ण जाहिरातीकडे वळतो.

पंचकर्माबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण जुनाट आजारांच्या बाजारात सध्या याच शब्दाला सर्वाधिक भाव आहे. वमन (औषधाने उलटी करवणे) किंवा विरेचन (जुलाब देणे) शास्त्राप्रमाणे द्यायचे, तर आधी भूक आणि पचन सुधारावे लागते, मग तीन ते सात दिवस चढत्या मात्रेने तूप किंवा तेल प्यावे लागते, नंतर अभ्यंग (तेल चोळणे) व स्वेदन (घाम आणणारा शेक), मग प्रत्यक्ष कर्म, आणि त्यानंतर पेज, मग घट्ट भात, मग मुगाचे कढण अशा पायऱ्यांनी नेहमीच्या जेवणापर्यंत येण्यात आणखी सातेक दिवस जाऊ शकतात. वमनाला वसंत, विरेचनाला शरद आणि बस्तीला (औषधी एनिमाला) वर्षा हे ऋतूही सांगितलेले आहेत. शनिवार-रविवारच्या मुक्कामात जे उरकले जाते ते फार तर तेल लावणे आणि वाफ घेणे असते. त्याने बरे वाटते, थकवा जातो, पण त्याला शोधन म्हणू नये. त्वचाविकारांसारख्या चिवट रोगांत तर अष्टांगहृदयाने दर पंधरवड्याला वमन, दर महिन्याला विरेचन आणि सहा महिन्यांनी रक्तमोक्षण (रक्त काढणे) असा दीर्घ क्रम दिला आहे, आणि चरकानेही कुष्ठात, म्हणजे अशाच त्वचाविकारांत, वारंवार शोधन करताना रुग्णाचे बळ सांभाळायला बजावले आहे. ज्या ग्रंथांना हा रोग इतका दीर्घकाळ पुरणारा वाटला, त्यांच्याच नावाने एकवीस दिवसांचे पॅकेज विकले जाते.

'आयुर्वेदाला साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य तर रुग्ण मला ऐकवतात आणि माझ्या संमतीची वाट पाहतात. नीट योजलेले तीव्र विषही उत्तम औषध होते आणि चुकीचे योजलेले औषधही विष होते, हे चरकवचन पहिल्याच अध्यायातील आहे. बिब्बा, बचनाग, कुचला, पारा, हरताळ ही द्रव्ये आपल्या औषधनियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत आणि ती असलेले औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ज्येष्ठमधासारखे घरोघरी असलेले द्रव्यही दीर्घकाळ आणि भरपूर घेतले, तर रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. आणि गुळवेल? करोनाच्या काळात ती प्रत्येक घरात पोहोचली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकली असावी, असा आक्षेप घेतला. ओळख चुकली असेल, तरीही एक मुद्दा राहतोच, आणि वैद्य म्हणून मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो: प्रकृती, अग्नी, वय, चालू असलेली औषधे यांपैकी काहीही न पाहता एकच काढा लाखो लोकांनी महिनोन्महिने घ्यावा, हे आयुर्वेदाच्या कोणत्या सिद्धान्तात बसते?

आयुर्वेदाला पुरावाच नाही, असे म्हणणाऱ्यांनाही येथे उत्तर द्यावेसे वाटते. कोइमतूर येथे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ४३ रुग्णांवर झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला यासाठी विशेष वाटतो की, त्यात वैद्याला प्रत्येक रुग्णानुसार औषध निवडण्याची मोकळीक ठेवूनही कोणाला मेथोट्रेक्सेट मिळते, कोणाला आयुर्वेदीय औषध आणि कोणाला दोन्ही, हे रुग्ण व तपासणारे या दोघांपासूनही लपवण्यात आले होते. छत्तीस आठवड्यांनंतर तिन्ही गटांत फार मोठा फरक दिसला नाही. रुग्णसंख्या लहान असल्याने त्यावरून 'आयुर्वेद मेथोट्रेक्सेटच्या तोडीचा' असे म्हणता येत नाही, पण वैद्याची पद्धत न मोडता तिची परीक्षा घेता येते, हे त्यातून नक्की दिसले. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा यांच्या नेतृत्वाखालील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांमध्ये सुंठ-गुळवेल यांवर आधारित कल्पांचा परिणाम ग्लुकोसामिन आणि सेलेकॉक्सिब या सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या बरोबरीचा दिसला. त्याच अभ्यासात आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीतील एसजीपीटी वाढलेले आढळले आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. जाहिरातीत अशा अभ्यासाचा पहिला अर्धा भाग येतो आणि दुसरा गळतो.

आता आपल्याकडील अपेक्षेविषयी. १९५४ चा औषधे आणि जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा मधुमेह, रक्तदाब, संधिवात, अर्धांगवायू, अपस्मार, कर्करोग अशा अनेक रोगांवर उपचार करण्याचा किंवा ते बरे करण्याचा दावा असलेल्या औषधांच्या जाहिरातींना मनाई करतो, आणि ही मनाई अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात सहभागी असणाऱ्यालाही लागू होते. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींना राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची पूर्वसंमती आवश्यक करणारा औषधनियमांतील नियम १७० हा २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये केंद्र सरकारने तो वगळला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वादाचे काहीही झाले, तरी १९५४ चा कायदा जागेवरच आहे. त्यामुळे आपल्या जाहिरात विभागाने 'मधुमेहमुक्ती' आणि 'सांधेदुखीपासून कायमची सुटका' असे मजकूर परत पाठवावेत, ही विनंती. त्यात वृत्तपत्राचे उत्पन्न बुडते याची मला कल्पना आहे, पण पानाच्या वरच्या अर्ध्यात वैद्याने पथ्य सांगायचे आणि खालच्या अर्ध्यात ते अनावश्यक असल्याचे छापायचे, हे फार दिवस चालू नये.

लेखांच्या बाबतीत माझे मागणे लहान आहे. जुनाट आजारावर लिहिणाऱ्या प्रत्येक वैद्याला, आणि त्यात मीही आलो, आपण लेखासोबत एक गोष्ट लिहून द्यायला सांगावी: या रोगाच्या कोणत्या अवस्थेत तो बरा होऊ शकतो, कोणत्या अवस्थेत केवळ आटोक्यात ठेवता येतो, आणि कोणती लक्षणे दिसताच वाचकाने काढ्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दम्याच्या रुग्णाला वाक्य पुरे बोलता येत नसेल किंवा त्याचे ओठ निळे पडले असतील, तर त्या रात्री त्याला ऑक्सिजन लागतो. वमन वसंतात देता येईल. हे छापलेले एखाद्या घरी वेळेवर उपयोगी पडेल. लेखकाचा नोंदणी क्रमांकही लेखाखाली असावा, म्हणजे ज्याला विचारायचे त्याला विचारता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आयुर्वेद चिकित्सक,
सातारा जिल्हा